एका आकड्याचा फरक

अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वाचला, तेव्हा त्यातला शक त्यांना ७८२ दिसला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासून शक ९८२ ठरवला, आणि मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे, इ.स. १०६०मध्ये आले. दुसरे वाचन टिकले, कारण त्याला बाहेरचा आधार आहे. लेखातला राजा माम्वाणी. त्याचा भाऊ छित्तराज याचा भांडुप ताम्रपट शके ९४८चा आहे; त्याच्याशी ९८२ जुळतो, ७८२ नाही.

शेजारच्या उल्हासनगरच्या बाजारात जुन्या रेडिओचा व्हॉल्व्ह हाती आला, तर त्याचा काळही याच रीतीने ठरवावा. ठळक छापलेल्या नावावर विसंबू नये. तो रंग बोटाने पुसला जातो आणि पुन्हा छापताही येतो. शिवाय ‘मुलार्ड’, ‘टंग-सोल’ ही जुनी नावे आज रशियातल्या सारातोव्हच्या कारखान्यात बनणाऱ्या नव्या व्हॉल्व्हवर उघडपणे असतात.

खरा लेख काचेच्या तळाशी, फिकट करड्या अक्षरांत कोरलेला असतो. तिरप्या उजेडात धरल्याशिवाय तो दिसत नाही. मुलार्डच्या ‘ईसीसी८३’ या प्रकारच्या व्हॉल्व्हवर दुसऱ्या ओळीत ‘बी८डी२’ असेल, तर ‘बी’ म्हणजे इंग्लंडमधला ब्लॅकबर्नचा कारखाना, ‘डी’ म्हणजे एप्रिल, ‘२’ म्हणजे दुसरा आठवडा. वर्षाला मात्र एकच आकडा दिलेला: ८. मग १९५८ की १९६८? इथे वरची ओळ साक्षीला घ्यायची. तिथे ‘एमसी१’ असेल आणि आतल्या प्लेट लांब असतील, तर १९५८. ‘आय६३’ आणि आखूड प्लेट असतील, तर १९६८. अक्षरे आणि प्लेट यांचा मेळ बसत नसेल, तर घाईने निकाल देऊ नये.

काचेच्या आतला चंदेरी लेप चकचकीत आहे, एवढ्यावरून काहीजण व्हॉल्व्ह नवा ठरवतात. लेप पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, इतके नक्की समजते. वय त्यावरून कळत नाही.

आपल्याकडे आणखी एक भक्कम कसोटी आहे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओच्या व्हॉल्व्हचे उत्पादन १९६१मध्ये सुरू केले. घरात १९५५चे रेडिओ-लायसन्सचे पुस्तक जपलेले असेल आणि त्याच सेटमध्ये ‘बीईएल’चा व्हॉल्व्ह निघाला, तर तो मागाहून बसवलेला आहे. तो बनावट नव्हे. सेट दुरुस्त करून वापरात ठेवल्याचा तो पुरावा आहे, आणि माझ्या लेखी अशा व्हॉल्व्हचे मोल कमी नाही.

म्हणून एक विनंती: जुना रेडिओ भंगारात देण्याआधी त्यातले व्हॉल्व्ह स्पिरिटने पुसू नका. काचेवरची अक्षरे आहेत तशी उतरवून घ्या, फोटो काढा, आणि बिल किंवा लायसन्स असेल तर सगळे एकाच पाकिटात ठेवा.