टँडेम पायलट

टँडेम पायलट : दोन आसनी सायकलच्या पुढच्या आसनावरचा डोळस स्वार. मागे दृष्टिहीन किंवा अंशतः दृष्टी असलेला खेळाडू बसतो. हँडल, ब्रेक आणि गिअर पायलटच्या हाती असतात. ट्रॅकवरच्या सायकलला मात्र ब्रेकही नसतो आणि गिअरही एकच. दोघांची पेडल साखळीने जोडलेली असतात, त्यामुळे एकाचा पाय थांबला की दुसऱ्याचाही थांबतो. पायलटने ‘खड्डा’ म्हणताच मागच्याने आसनावरून किंचित उठायचे, ‘डावीकडे’ म्हणताच अंग त्या बाजूला झुकवायचे. पायलटची सूचना क्षणभर उशिरा आली तरी तोल जाऊ शकतो. म्हणूनच पायलट हा निव्वळ मदतनीस नव्हे, बरोबरीचा खेळाडू आहे. पॅरालिंपिकमध्ये पदक दोघांनाही मिळते, हे उचितच.

याचे एक उदाहरण : स्कॉटलंडच्या क्रेग मॅकलीनने २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये सायकलिंगच्या सांघिक स्प्रिंटचे रौप्य मिळवले. पुढे पायलट होऊन २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकमध्ये अँथनी कॅप्ससह त्याने सुवर्ण जिंकले.

महाराष्ट्रातील स्वारांनी टँडेमवर लांब पल्ल्याच्या सफरीही केल्या आहेत. काचबिंदूमुळे एकोणिसाव्या वर्षी दृष्टी गमावलेले पुण्याचे दिव्यांशू गणात्रा २०१६ मध्ये मनालीहून सुमारे १७,५०० फुटांवरील खारदुंग ला खिंडीपर्यंत टँडेमवर गेले. त्यांच्या ‘ॲडव्हेंचर्स बियाँड बॅरियर्स फाउंडेशन’ने अपंग व सुदृढ माणसांना एकाच सायकलवर आणले. मुंबईतल्या मानखुर्दहून वाशी खाडीपुलाकडे निघणाऱ्या सायकलस्वारांतही असे पायलट घडू शकतात. त्यासाठी सराव हवा, सुरक्षित रस्ता हवा आणि मागच्याचा विश्वास हवा.