नदीच्या वाळवंटात जन्मलेले नाटक

वाळवंट म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे चंद्रभागा उभी राहते. नदीने आपले पात्र आखडून घेतले की उघडी पडणारी ती रेती कुणा एकाच्या मालकीची नसते. म्हणून तिथे कुणालाही बसता येते, कीर्तन ऐकता येते, खेळ मांडता येतो. जपानातील क्योटो शहरातून वाहणाऱ्या कामो नदीचे वाळवंट चारशे वर्षांपूर्वी असेच होते. पावसात बुडणाऱ्या त्या जागेवर सारा बसत नसे. गावात ज्यांना ठाव नव्हता ते डोंबारी, कथेकरी, नाचे, गाणाऱ्या बाया सारे तिथे गोळा होत. 'वाळवंटातली माणसे' हे शब्द त्या काळी जवळजवळ शिवीसारखे वापरले जात. ज्या काबुकी नाटकाला २००८ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत मानाने बसवले, ते या शिवी खाणाऱ्या माणसांचे अपत्य आहे.

क्योटोत पर्यटकांना पायी हिंडवून जुन्या नाटकाची ओळख करून देणारे वाटाडे असतात. अशाच एका मध्यमवयीन बाईंच्या मागून आम्ही आठ-दहा जण डिसेंबरातल्या एका सकाळी निघालो. एकूण वाट एक मैलाचीही नाही. पण तेवढ्यात चार शतके ओलांडायची होती. कामोवर गार वारा सुटला होता आणि पाण्यावर पांढरे कुरव पक्षी भिरभिरत होते.

शिजो पुलाच्या पूर्वेकडच्या टोकाशी एका बाईचा पुतळा आहे. खांद्यावर तलवार, हातात पंखा, आणि पवित्रा असा की आता पाऊल टाकील. ही ओकुनी. इझुमोच्या देवस्थानाची सेविका म्हणून ती स्वतःची ओळख सांगे. १६०३ साली क्योटोत तिच्या नाचाने एकच खळबळ उडवली. त्या काळी भडक कपडे घालून, लांब तलवारी मिरवत रस्त्यातून हिंडणाऱ्या उनाड तरुणांचे पेव फुटले होते. ओकुनी पुरुषवेष करून त्यांचीच नक्कल करी. त्या काळच्या चित्रांत तिच्या गळ्यात ख्रिस्ती जपमाळही दिसते. धर्म म्हणून नव्हे, नवी फॅशन म्हणून! 'काबुकी' हा शब्दही त्यातलाच. 'काबुकु' म्हणजे कलणे, तिरके होणे. सरळ रेषेत न चालणाऱ्यांचे ते काबुकी. पुढे लोकांनी त्याला 'गीत, नृत्य, कौशल्य' अशा अर्थाची भारदस्त अक्षरे लावली. पोराचे नाव बंडू आणि पत्रिकेत भालचंद्र, तसाच हा प्रकार.

ओकुनीने हे सारे शून्यातून मात्र निर्माण केले नाही. तिचा रंगमंच आणि तिच्यामागची बासरी-ढोलक्यांची साथ 'नोह' नावाच्या जुन्या नाटकाकडून आलेली. नोहची जन्मकथाही याच शहरातली. १३७४ च्या सुमारास क्योटोच्या दक्षिणेकडील इमाकुमानो देवळात कानआमी नावाच्या नटाचा खेळ झाला. सोबत त्याचा बारा वर्षांच्या आसपासचा मुलगा झेआमी होता. पाहायला बसलेला शोगुन आशिकागा योशिमित्सु स्वतःच मिसरूड फुटण्याच्या वयाचा. तो खेळावर असा लुब्ध झाला की बापलेकांना राजाश्रय मिळाला. मुखवटा, मंद पावले, मागे रंगवलेले एकच पाइनचे झाड आणि डावीकडून येणारा पुलासारखा मार्ग, एवढ्यावर झेआमीने एक गंभीर कला उभी केली. पण राजाचे प्रेम आणि भाद्रपदातले ऊन सारखेच. सत्ता बदलली आणि १४३४ साली सत्तरी ओलांडलेल्या झेआमीला सादो बेटावर हद्दपार व्हावे लागले. नोह पुढे सरदारांच्या दिवाणखान्यात गेले. ओकुनीने जे त्यातून उचलले, ते तिने वाळवंटात बसलेल्या माणसासाठी उचलले. नाटकाला जपानी भाषेत 'शिबाई' असा शब्द आहे, आणि त्याचा मूळ अर्थ 'गवतावर बसणे' असा आहे.

यानंतर जे घडले ते ऐकताना मला वाटले, काबुकीचा इतिहास नटांनी जेवढा लिहिला तेवढाच सरकारी हुकमांनी लिहिला. ओकुनीचे यश पाहून तशी अनेक स्त्री-मंडळे निघाली. ओकिनावाकडून आलेले शामिसेन हे तीन तारांचे वाद्य त्यांच्या खेळांत वाजू लागले. प्रेक्षक रंगमंचावरच्या बायांसाठी भांडू लागले, आणि खेळामागे दुसराच व्यापार चाले हेही खरे. १६२९ साली शोगुनच्या सरकारने स्त्रियांना रंगमंचावर यायलाच बंदी केली. त्यांची जागा कोवळ्या पोरांनी घेतली. भांडणे काही थांबली नाहीत. १६५२ साली पोरांनाही बंदी झाली. पुढच्याच वर्षी परवानगी मिळाली ती दोन अटींवर. नटांनी प्रौढ पुरुषाप्रमाणे कपाळावरचे केस भादरावेत, आणि नुसत्या नाचगाण्याऐवजी कथा असलेले खेळ करावेत.

सरकारचा हिशेब असा की, मोहक रूप गेले की गर्दीही जाईल. पण झाले उलटेच. भादरलेले कपाळ नटांनी जांभळ्या रेशमी फडक्याने झाकले, आणि ते फडकेच सौंदर्याचे चिन्ह होऊन बसले. रूपावर भागत नाही म्हटल्यावर अभिनय शिकावा लागला. नाचावर भागत नाही म्हटल्यावर नाटककार शोधावे लागले. त्यातूनच 'ओन्नागाता', म्हणजे स्त्रीभूमिका करणारा पुरुष नट, ही परंपरा निपजली. योशिझावा आयामे (१६७३–१७२९) हा तिचा पहिला मोठा आचार्य. स्त्रीपार्टी नटाने रंगमंचाबाहेर रोजच्या वागण्यातही स्त्रीसारखेच राहावे, असे त्याचे सांगणे. पुढे सेगावा किकुनोजो नावाच्या दुसऱ्या नटाने एका भूमिकेत तपकिरी छटेचे वस्त्र नेसले, आणि एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, घरंदाज बायकांनी तो रंग डोक्यावर घेतला. रंगालाच त्याचे नाव पडले.

हे ऐकताना आपल्या बालगंधर्वांची आठवण न होणारा मराठी माणूस विरळाच. त्यांची पातळे, त्यांचे दागिने, त्यांची वेणी पाहून आपल्या आज्या-पणज्यांनी आपले शृंगार ठरवले. आपल्याकडे स्त्रियांना रंगभूमीवरून हाकलणारा हुकूम निघाला नव्हता. लोकलाजच त्याला पुरेशी होती. पण एक फरक मोठा आहे. आपल्याकडे नट्या आल्या आणि स्त्रीपार्टी पुरुषांचे युग एका पिढीत मावळले. जपानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारी बंदी सैल झाली, तरी काबुकीची नायिका सामान्यतः पुरुषच राहिला. हुकूम मेला, पण दोनशे साठ वर्षांत त्या हुकमाची कला झाली होती, आणि कला काही राजपत्रात छापून रद्द करता येत नाही.

ओकुनीच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे, मिनामिझा हे नाटकगृह उभे आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी या भागात सात नाटकगृहांना परवाने मिळाले होते. आगी, दिवाळी आणि काळ यांतून शेवटी दोन उरली. त्यांपैकी समोरासमोरचे उत्तरेचे किताझा रस्ता रुंद करताना १८९३ साली गेले. मिनामिझाची आजची इमारत १९२९ सालची. भूकंपाला तोंड देण्यासाठी तिची डागडुजी करून २०१८ साली ती पुन्हा उघडली. दर्शनी भागावर मचाणासारखा एक बुरूज आहे. जुन्या काळी हा बुरूज म्हणजे सरकारी परवान्याची खूण.

आम्ही गेलो तेव्हा डिसेंबरातला 'काओमिसे' चालू होता. 'काओमिसे' म्हणजे मुखदर्शन. पूर्वी नटांचे करार वर्षाचे असत, आणि नव्या वर्षाची मंडळी प्रेक्षकांपुढे हजर करण्याचा हा समारंभ. नाटकगृहाच्या कपाळावर नटांच्या नावांच्या लाकडी पाट्या ओळीने लावल्या होत्या. त्यांवरची अक्षरे जाड, गोल आणि एकमेकांत मुरकलेली; मधे पांढरी जागा जवळपास नाहीच. कारण विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, "नाटकगृहात रिकामी जागा राहू नये म्हणून!" आपल्याकडच्या कंपनीमालकांना हा तोडगा फार आवडला असता.

आदल्या दिवशी मी आत एक खेळ पाहिला होता. प्रेक्षागृहाच्या डाव्या अंगाने थेट लोकांमधून जाणारी वाट असते, तिला 'हानामिची' म्हणजे फुलांची वाट म्हणतात. नट तिच्यावर येतो, ठरलेल्या जागी थबकतो, डोळे वटारून मूर्तीसारखा गोठतो, आणि वरच्या मजल्यावरून कुणी जाणकार रसिक त्याच्या घराण्याचे नाव अचूक क्षणी ओरडतो. मध्यंतरात सारे डबे उघडतात. त्या डब्याच्या जपानी नावाचा अर्थच 'पडद्यांच्या मधला' असा. नाटक आणि फराळ यांचे नाते ओळखणारे हे लोक आपले सख्खे सोयरे वाटले.

तिथून आम्ही गिओन वस्तीतल्या हानामिकोजी गल्लीत वळलो. लाकडी जाळ्यांची घरे, दारात कागदी कंदील. गल्लीच्या शेवटाकडे १९६२ साली सुरू झालेले एक छोटे नाट्यगृह आहे. तासाभरात क्योगेन हे विनोदी नाट्य, बाहुल्यांचे बुनराकु, नृत्य अशा कलांचे नमुने तिथे परक्यांना चाखायला मिळतात. बाहुल्यांचे घर खरे ओसाकाचे. एकेका बाहुलीला तीन माणसे हलवतात, आणि थोड्या वेळाने ती तिघे दिसेनाशी होतात. चिकामात्सु मोन्झाएमोन (१६५३–१७२५) या नाटककाराने या बाहुल्यांसाठी १७०३ साली एका गरीब कारकुनाची आणि त्याच्या प्रेयसीची शोकांतिका लिहिली. तिच्या पावलावर पाऊल टाकून इतकी जोडपी मरू लागली म्हणे, की १७२३ साली अशा नाटकांवरही बंदी आली! बंदीची ही परंपरा परक्यांनीही मोडली नाही. १९४५ नंतर अमेरिकन अंमलात सरंजामी निष्ठेची नाटके अडवली गेली. सत्तेचाळीस निष्ठावंत सामुराईंची प्रसिद्ध कथा १९४७ मध्ये पुन्हा रंगमंचावर आली.

शेजारीच गिओनच्या नर्तकींचे रंगमंदिर आहे. १८६९ साली राजधानी टोकियोला गेली आणि क्योटो विधवेसारखे उदास झाले. शहर सावरण्यासाठी प्रदर्शन भरले, आणि त्यासाठी १८७२ साली तिसऱ्या इनोऊए याचियो या नृत्यगुरू बाईंनी 'मियाको ओदोरी' हे समूहनृत्य बसवले. आजही दर एप्रिलात ते होते. नाचणाऱ्या स्त्रिया, वाजवणाऱ्या स्त्रिया, आणि त्या घराण्याच्या गादीवरही स्त्रीच. मिनामिझापासून ही जागा दहा मिनिटांच्या आत चालत येण्याइतकी जवळ.

निरोप घेताना मी बाईंना विचारले, "ओकुनी आज परत आली तर तिला काबुकीत घेतील का?"

बाई क्षणभर थांबल्या. "ती तिकीट काढून नाटक बघेल," त्या म्हणाल्या. "नटाची तारीफही करील. आणि मग बाहेर येऊन जागा शोधील."

या उत्तरात कडवटपणा नव्हता, आणि भाबडेपणाही नव्हता. अन्यायातूनही सुंदर वस्तू निर्माण होते, हे त्या बाई जाणत होत्या. पण वस्तू सुंदर झाली म्हणून अन्याय न्याय्य ठरत नाही, हेही त्या विसरल्या नव्हत्या. इतक्यात दोन तरुण मुली, हातात कापडात बांधलेले पंखे घेऊन, लाकडी खडावा वाजवीत रंगमंदिराच्या मागच्या दाराने आत गेल्या. तालमीची वेळ झाली होती.