अस्सल बरहुकूम नक्कल

जुन्या कचेरीत दस्ताची नक्कल तयार झाली म्हणजे एकाने मूळ वाचावे, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवावे आणि काना-मात्रेची खातरजमा झाल्यावरच खाली ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा पडावा, हा रिवाज ज्यांनी पाहिला आहे, त्यांना संगणकाची सबंध कार्यप्रणाली एका हार्ड डिस्कवरून दुसऱ्या मोठ्या डिस्कवर नेण्याचा खटाटोप अगदीच परका वाटू नये.

दफ्तर हलवण्याचा अनुभव तर आमच्या वाशीमला चांगलाच आहे. वत्सगुल्म या नावाने हे नगर वाकाटकांची राजधानी होते. विंध्यशक्ती द्वितीयाचा चौथ्या शतकातील ताम्रपट १९३९ साली येथेच उजेडात आला, आणि जागा अपुरी पडली म्हणून तो दुसऱ्या पत्र्यावर उतरवण्याची पाळी कोणावर आली नाही, हे त्या धातूचे भाग्य. कागदाला ते लाभत नाही. ऑगस्ट १९०५ मध्ये इंग्रजी अंमलाने बासीम म्हणजेच वाशीम जिल्हा मोडला, वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास जोडले, पुसद यवतमाळच्या वाट्यास गेले. पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला, पुसद मात्र यवतमाळातच राहिले. असे दफ्तर हलते तेव्हा रुमाल गाडीत चढवणे हे हमालाचे काम; खरी जोखीम फेरिस्तीची असते, कारण कोणता कागद कोणत्या रुमालात आहे हे सांगणारी ती यादी मागे राहिली, तर सुखरूप पोचलेले हजार कागदही हरवल्यासारखेच.

जिल्हा नव्याने उभा राहत होता त्याच सुमारास येथील दुकानांत व शिकवणीवर्गांत संगणक दिसू लागले, आणि त्यांच्या लहानशा डिस्का भरू लागल्या. आय.बी.एम.ने १९५६ साली बाजारात आणलेल्या पहिल्या डिस्कयंत्राच्या पन्नास तबकड्यांत मिळून सुमारे पाच मेगाबाइट मजकूर मावे; या हिशेबाने दोन-चार गिगाबाइट म्हणजे कुबेराचे भांडार, तरी ते पुरेना. मोठी डिस्क आणून सगळ्या फायली तिच्यावर उतरवल्या तरी यंत्र काही केल्या सुरू होत नसे, हा पहिला धडा. त्या काळचा संगणक जागा होताच डिस्कच्या अगदी आरंभीची ५१२ बाइटांची पट्टी वाची आणि पुढचा हुकूम तेथून घेई. ती पट्टी कोणत्याही फायलीत मोडत नसे, म्हणून फायलींच्या नकलेत ती येतही नसे. शिवाय डॉसची साधी नक्कल-आज्ञा दडवलेल्या फायलींना हात लावीत नसे, आणि विंडोज ९५ मधील लांब नावे आखडून आठ अक्षरांची करून टाकी. रुमाल पोचले, फेरिस्त मागे राहिली!

यावर उतारा आला तो न्यूझीलंडहून. ऑकलंडच्या मरे हॅझर्ड यांनी घडवलेली, आरंभीच्या पट्टीसकट सबंध डिस्कची नक्कल उतरवणारी घोस्ट ही प्रणाली १९९८ मध्ये सिमँटेकने विकत घेतली आणि ‘घोस्ट मारणे’ हे क्रियापद दुरुस्तीवाल्यांच्या तोंडी बसले. दोन्ही डिस्का एकाच करड्या पट्टीकेबलला लावायच्या, एकीला मास्टर व दुसरीला स्लेव्ह करणारा तांदळाच्या दाण्याएवढा जंपर चिमट्याने उपसून योग्य खुंट्यांवर बसवायचा, आणि मग पडद्यावर अस्सल कोणती व नक्कल कोणती हे सांगायचे. येथे घात होई. दोन्ही डिस्का एकाच मापाच्या असल्या की कोरी डिस्कच अस्सल ठरवून भरलेल्या डिस्कवर तिची इमानदार नक्कल उतरवल्याचे उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या हातून घडले आहे. तेव्हापासून मी आधी कागदावर दोन्ही डिस्कांचे क्रमांक लिहितो, मगच कळ दाबतो. त्यातच भारनियमन. पडद्यावरची प्रगतीची पट्टी सत्तर टक्क्यांवर आली असताना पंखा थांबावा आणि यू.पी.एस.ची पीं-पीं सुरू व्हावी, या क्षणी माणसाला देव आठवतो.

नक्कल साधली तरी हद्दीचा प्रश्न उरे. जुन्या बोर्डांच्या बायॉसला ८.४ गिगाबाइटपलीकडचे दिसत नसे, पुढच्यांना १३७ च्या पुढचे. विकत घेतलेली जागा खरेदीखतात असूनही ताब्यात नसावी, तसा हा प्रकार. तंतोतंत नक्कल घेतली तर डिस्कवरील विभागाचे (पार्टिशनचे) माप जुनेच राही आणि उरलेली डिस्क पोटखराब्यासारखी पडून राही; मग पुन्हा मोजणी, पुन्हा पोटहिस्से. घोस्ट बहुधा ही मोजणी स्वतःच उरकी, ही तिची खरी थोरवी, पण तिची जाहिरात कोणी फारशी केली नाही.

काम संपल्यावर दुकानदार नव्या डिस्कवरून यंत्र तीनदा चालू-बंद करून दाखवी, गिऱ्हाइकाला त्याच्याच फायली उघडायला लावी आणि जुनी डिस्क लगेच पुसून वापरायला नको म्हणे. ती वर्तमानपत्रात गुंडाळून, तारीख घालून कपाटात ठेवलेली असे; माझ्याकडे अशा तीन आहेत आणि एकीवरची शाई पार उडून गेली आहे.