फुप्फुसांचे दोन वैरी

राजवंशांप्रमाणें रोगांनाहि उदयास्त असतात. सातारा व सांगली या कृष्णाकांठच्या जिल्ह्यांत याची साक्ष देणाऱ्या दोन वास्तू आहेत. पांचगणीस १९१२ सालीं डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनीं क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधाम काढलें. ज्या डॉ. विल्यम वानलेस यांनीं १८९४ मध्यें मिरजेस इस्पितळ सुरू केलें, त्यांचें नांव धारण करणारें क्षयरुग्णालय सांगली व मिरज यांच्यामध्यें वानलेसवाडीस उभें राहिलें. त्या काळीं क्षयावर खरें औषध नव्हतें. स्वच्छ हवा, विश्रांति आणि सकस अन्न एवढाच आधार; आणि बळी जात ते बहुधा ऐन तारुण्यांतले.

त्याच १९१२ सालीं न्यूयॉर्कच्या आयझॅक अ‍ॅडलर या वैद्यानें फुप्फुसांच्या कर्करोगावर ग्रंथ लिहिला. इतक्या दुर्मिळ रोगावर लिहावें तरी कां, असा प्रश्न त्यास स्वतःलाच पडला होता.

पुढें चित्र पालटलें. १९४३ मध्यें स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. घरीं राहून औषध घेणारा क्षयरोगी रुग्णालयांतल्या इतकाच बरा होतो, हें १९५९ सालीं मद्रासच्या प्रयोगानें दाखविलें. क्षय आजहि गेलेला नाहीं, परंतु त्याची सत्ता ओसरली. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचें सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतें. तें आज सत्तरीस टेकलें आहे. कर्करोगास मात्र दीर्घ आयुष्यच सोयीचें. तंबाखूचा धूर व हा रोग यांचा संबंध डॉल व हिल या इंग्रज संशोधकांनीं १९५० सालीं मांडला. आमच्या शेजारींच निपाणीसारखी विडीच्या तंबाखूची पेठ. आणि ज्या वृद्धेनें विडी कधीं हातीं धरली नाहीं, तिनेंहि जन्मभर चुलीचा धूर गिळलेला असतो.

जुन्या वैऱ्याची छाया नव्यास लपविते, हा या इतिहासांतील खरा धोका होय. क्ष-किरणांच्या चित्रांत दोन्ही रोगांचे डाग पुष्कळदां सारखेच दिसतात. मग वृद्धास महिनोन् महिने क्षयाचें औषध दिलें जातें, किंवा 'म्हातारपणाचा खोकला' म्हणून घरचीं माणसें स्वस्थ बसतात. म्हणून आम्ही आग्रहानें सांगतों : खोकला तीन आठवडे हटत नसेल, थुंकींतून रक्त पडत असेल, आवाज बसला असेल वा वजन उतरत असेल, तर वैद्यास दाखविलेंच पाहिजे. थुंकींत क्षयाचे जंतू सांपडले नाहींत व डाग ओसरला नाहीं, तर फुप्फुसाचा तुकडा काढून तपासण्याविषयीं विचारावें.

वय झालें म्हणून उपचार नकोत, हें म्हणणेंहि तितकेंच अन्यायाचें. उपचार सोसतील कीं नाहीं, हें जन्मसालावरून ठरत नाहीं. हृदयाची, श्वासाची व एकंदर शरीराची शक्ति पाहून ठरतें. निर्णयांत त्या वृद्धाचें स्वतःचें मत पहिलें असावें. तरुणांच्या खोकल्यासाठीं आमच्या पूर्वजांनीं डोंगरावर घरें बांधलीं. वडीलधाऱ्यांचा खोकला आपण निदान कान देऊन ऐकावा.