वामीच्या ड्रमातली एक रात्र

गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांध असो की बोदलकसा, तळ्याकाठच्या गावात मरळीच्या गळाला लावायला बोटभर वाम मासे घरी जिवंत ठेवले, तर मे महिन्यात काय घडू शकते त्याचा हा क्रम. घर कुणाचेही असू शकते.

दुपारी ४:०० मासे ड्रममध्ये पडतात. पाणी नळाचे, तेही गच्चीवरच्या टाकीत तापलेले. त्यातला क्लोरीन कल्ले जाळतो. पाणी एक दिवस उघडे ठेवले असते, किंवा मासे धरले त्याच तळ्याचे आणले असते, तर निम्मे संकट इथेच टळले असते. माझ्या मते खरा घात रात्री होत नाही, तो याच वेळी होतो.

४:१५ मोजण्यासाठी कोरड्या हाताने एकेक मासा उचलला जातो. अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तो थर म्हणजे त्यांचे रोगापासूनचे संरक्षण. हात ओला करायला कितीसा वेळ लागतो!

६:०० मायेपोटी कुणी उरलेला भात टाकतो. मासे खात नाहीत आणि भात तळाशी आंबू लागतो. नव्या पाण्यात आलेल्या माशांना पहिला दिवस उपाशीच ठेवावे.

७:३० वाम निशाचर आहे. दिवसा ती वाळूत शिरून बसते, अंधार पडला की हिंडते. इथे वाळू नाही, फुटक्या पाइपाचा तुकडाही नाही. सगळे मासे कडेने सैरभैर फिरतात, काही वर चढू पाहतात. घरचे ड्रमवर जाळी बांधत नाहीत, प्लॅस्टिकचा कागद ताणून घट्ट बांधतात.

९:१० वीज जाते. हवेचा पंप थांबतो. ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे फार तर साडेसात मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो. पाणी जितके गरम तितका तो कमी मावतो आणि माशाला मात्र जास्त लागतो.

१२:०० कल्ल्यांतून बाहेर पडलेला अमोनिया साचत चालला आहे, त्यात आंबलेल्या भाताची भर.

१:३० गारव्यासाठी टाकलेली पाणवनस्पती अंधारात ऑक्सिजन देत नाही, उलट स्वतःच वापरते. तळ्यांतही म्हणूनच पहाटे ऑक्सिजन सर्वात कमी असतो.

३:३० मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड काढून हवा गिळतात. अजून हाताशी वेळ आहे. कागद काढावा, भात गाळून घ्यावा, तिसरा हिस्सा पाणी बदलून तळ्याचे किंवा शिळे पाणी घालावे, आणि मगाने उंचावरून धार सोडत राहावे. त्यासाठी वीज लागत नाही. घरात मात्र सगळे झोपलेले.

४:१५ पहिला मासा उलटतो. तो काढला नाही तर त्याचे कुजणे उरलेल्यांच्या पाण्यात उतरते.

५:०० ड्रम शांत. हे पाणी आणि मेलेले मासे तळ्यात ओतू नयेत, रोग तिकडे जातो. पाणी तळ्यापासून दूर ओतावे, मासे खड्ड्यात पुरावे, ड्रम घासून उन्हात वाळवावा. आणि पुढच्या खेपेला निम्मेच मासे आणावेत.