गाडीखालचा कुत्रा, गाडीपुढचा कुत्रा

गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटते, गाडी आपणच ओढतो आहोत. बढाईखोर माणसाला उद्देशून आपण हे नेहमी म्हणतो. पण या म्हणण्यामागे एक साधे निरीक्षणही आहे. आपल्याकडे गाडी ओढतो तो बैल. कुत्रा तिच्या सावलीतून सोबतीने चालतो. कुत्र्याला गाडीला जुंपावे, असे दख्खनमध्ये कोणाला फारसे वाटले नाही.

आज शहरात मात्र चित्र थोडे बदलले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या कोणत्याही वसाहतीत सकाळी चक्कर मारा. लॅब्रॅडॉर, अल्सेशियन, क्वचित हस्कीसुद्धा मालकाला फरफटत नेताना दिसतो. कारण सोपे आहे. माणूस ताशी पाचएक किलोमीटर वेगाने चालतो. मध्यम आकाराच्या कुत्र्याची सहज दुडकी चाल याच्या जवळजवळ दुप्पट असते. दोघे एकाच साखळीला बांधलेले असले की ओढाताण होणारच. मग कोणी त्याला सायकलला बांधतो, कोणी चक्क मोटारसायकलला. अशा जोमदार, ओढणाऱ्या कुत्र्याला व्यायाम देण्यासाठी कोणते चाकाचे वाहन चांगले? प्रश्न दुकानात विचारण्यासारखा वाटतो. पण प्राणी आणि चाक यांची जोडी माणसाने हजारो वर्षांपूर्वी जमवली आणि तेव्हापासून तो याच प्रश्नाशी झगडतो आहे. त्या इतिहासातून आपल्याला बरेच काही शिकता येते.

दायमाबादचा रथ

सुरुवात शेजारच्याच जिल्ह्यातून करू. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद आहे. तेथे १९७४ साली खणताना धातूच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि एक रथ. चारही मिळून वजन साठ किलोपेक्षा जास्त. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आहे. त्याला दोन भरीव चाके आहेत, पुढे जुवाला दोन बैल जोडलेले आहेत आणि मागे एक माणूस उभा आहे. त्याच्यापुढे रथाच्या दांडीवर एक छोटा कुत्रा आहे.

या वस्तू उत्खननातल्या एखाद्या थरात मिळाल्या नाहीत. म्हणून त्यांच्या काळाबद्दल पुरातत्त्वज्ञांत मतभेद आहेत. अनेक जण त्या उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. काळ काहीही असो, कामाची वाटणी स्पष्ट दिसते. बैल ओढतात, माणूस हाकतो, कुत्रा सोबत असतो.

बैलच का? त्याचे उत्तर बैलाच्या शरीरात आहे. आपल्या जातींच्या बैलांना वशिंड असते. जू मानेवर, वशिंडाच्या पुढे टेकते. बैल पुढे रेटतो तेव्हा सगळा जोर त्या उंचवट्यातून जुवावर जातो. गळ्याखालचे जोते फक्त जू जागेवर ठेवते. त्याच्यावर ओढीचा भार फारसा येत नाही. त्यामुळे श्वासनलिका मोकळी राहते. लाकडाचा एक आडवा दांडा आणि निसर्गाने दिलेला एक उंचवटा, एवढ्यावर हजारो वर्षे शेती आणि वाहतूक चालली.

घोड्याच्या गळ्याचा वाद

घोड्याला वशिंड नाही. मग त्याला कसे जुंपायचे? या प्रश्नावर विसाव्या शतकात एक मोठा वाद झाला. लफेव्र द नोएत हे फ्रेंच घोडदळातील निवृत्त अधिकारी. प्राचीन चित्रे आणि शिल्पे पाहून त्यांनी असे मत मांडले की, ग्रीक आणि रोमन लोक घोड्याच्या गळ्याला पट्टा बांधत. घोडा जोर लावू लागला की पट्टा श्वासनलिकेवर दाबला जाई आणि घोडा गुदमरे. म्हणून प्राचीन जगात घोडा जड ओझे ओढू शकत नव्हता. त्यांनी १९१० साली तसा पट्टा बनवून प्रयोग केला आणि १९३१ साली ग्रंथ लिहिला. रोमन कायद्यातील ओझ्याची मर्यादा, सुमारे ५०० किलो, हा त्यांचा आणखी एक पुरावा होता. प्राणी नीट जुंपता येत नव्हते म्हणून माणसांना गुलाम म्हणून राबवावे लागले, इथपर्यंत त्यांचा युक्तिवाद गेला. पुढची चाळीस वर्षे पाठ्यपुस्तकांत हेच शिकवले जात होते.

१९७०च्या दशकात झाँ स्प्रुइत या दुसऱ्या फ्रेंच अभ्यासकाने प्राचीन रथ हुबेहूब बनवले, घोडे जुंपले आणि पळवले. घोडे गुदमरले नाहीत! लफेव्र यांनी दोन वेगळ्या पद्धतींचे भाग एकत्र करून एक नवीच, चुकीची जुंपणी तयार केली होती, असे त्यांनी दाखवले. एका पद्धतीत जू मानेवर असे. दुसरीत पट्टा छातीवर, खांद्याच्या सांध्यांच्या बाजूने असे. दोन्हींत गळा मोकळा राहत होता.

या वादातून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली विज्ञानाच्या पद्धतीबद्दलची: प्रयोग केला एवढ्याने निष्कर्ष बरोबर ठरत नाही. प्रयोगातील वस्तू मूळ वस्तूसारखी आहे का, हेही तपासावे लागते. दुसरी आपल्या विषयाची. गळ्यावर पट्टा आला की प्राणी गुदमरतो, हे लफेव्र यांचे निरीक्षण खरेच होते. ते प्राचीन घोड्यांना लागू नव्हते, एवढेच. आज आपल्या कुत्र्यांना मात्र ते पुरेपूर लागू आहे. गळपट्ट्याने ओढणाऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांतील दाबही वाढतो आणि छातीपट्ट्याने तो तसा वाढत नाही, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पशुवैद्यकीय अभ्यासात आढळले. म्हणून वाहन कोणते, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ओढ शरीराच्या कोणत्या भागावर येते, हा आहे. ती छातीच्या हाडावर यावी. गळा आणि खांद्याचे सांधे मोकळे राहावेत.

खरोखर ओढणारा कुत्रा

युरोपात कुत्र्याला चाकांना जुंपण्याची जुनी प्रथा होती. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये दूध, भाजी, पाव विकणाऱ्यांच्या हातगाड्या कुत्रे ओढत. गंमत म्हणजे, अनेकदा कुत्रा गाडीखाली, आसाजवळ जुंपलेला असे आणि माणूस मागून ढकलत असे. गाडीखालचा कुत्रा तिथे खरोखरच गाडी ओढत होता! १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा बेल्जियमच्या सैन्यात मशिनगनच्या छोट्या गाड्या कुत्रे ओढत होते.

पण गरिबाचा हा 'घोडा' फार हालात राही. अवजड गाडी, फरसबंद रस्ता आणि ठेचाळलेले पंजे. लंडनमध्ये कुत्र्याच्या गाड्यांवर १८३९च्या कायद्याने बंदी आली. १८५४च्या कायद्याने ती देशभर लागू झाली. क्रूरतेबद्दलचा संताप आणि पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती, अशी दोन्ही कारणे त्यामागे होती. नेदरलँड्सने १९१० साली अशा कुत्र्यांसाठी वेगळा कायदा केला आणि १९६०च्या दशकात ही प्रथा तेथे बंद झाली.

बर्फाळ प्रदेशात कुत्रा चाकाविना घसरगाडी ओढत असे. बर्फ नसलेल्या दिवसांत सराव राहावा म्हणून तेथील लोक कुत्र्यांना चाकांच्या गाड्यांना जुंपू लागले. सायकल किंवा पायाने रेटायची स्कूटर कुत्र्याने ओढायचा खेळ त्यातूनच आला. म्हणजे चाकाचा हा व्यायाम थंड हवेत जन्मला आहे. हे लक्षात ठेवू. त्याची गरज शेवटी लागेल.

चाकाने काय बदलले?

हवा भरलेले टायर व्यवहारात आणणारा जॉन बॉइड डनलॉप हा पेशाने पशुवैद्य होता. बेलफास्टमध्ये मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी त्याने असे टायर बनवले आणि १८८८ साली पेटंट घेतले. (रॉबर्ट थॉमसन याने हीच कल्पना १८४५ सालीच मांडली होती, पण ती मागे पडली.) या टायरने प्राण्यांवरचा भार किती हलका झाला, हे भारताच्या एका नियमावलीत पाहा. ओझे ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांनुसार, लहान बैलाच्या दुचाकी गाडीत हवेचे टायर नसतील तर ५०० किलो, हवेचे टायर असतील तर ७५० किलो आणि बॉलबेअरिंग असेल तर १००० किलो ओझे चालते. बैल तोच, चाक बदलले की ओझे दुप्पट.

आता कुत्र्याकडे वळू. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरू. सपाट डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरचा लोळण-रोध वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास धरला तर ओढण्यास लागणारे बल सुमारे ८ न्यूटन, म्हणजे एक किलोपेक्षाही कमी वजनाइतके भरते. पाच टक्के चढावर त्यात आणखी ३९ न्यूटनची भर पडते. तेव्हा सपाटीवर ओढणे अवघड नाही. अवघड आहे ते थांबणे.

वेग सेकंदाला ५ मीटर (ताशी १८ किलोमीटर) असेल तर या ८० किलोंची गतिज ऊर्जा १००० ज्यूल होते. वेग दुप्पट केला की ती ४००० ज्यूल होते. ब्रेकने वेग दर सेकंदाला ३ मीटरने कमी होतो असे मानले, तर ताशी १८ किलोमीटरवरून थांबायला चार मीटरपेक्षा जास्त अंतर लागते; ब्रेक दाबायला लागणारा वेळ वेगळाच. पुढे बांधलेल्या कुत्र्याची दोरी साधारण दोन-अडीच मीटरची असते. तो मांजर पाहून अचानक थबकला, तर चाक त्याच्या अंगावर जाणार. दोन मीटरच्या आत थांबायचे असेल तर वेग ताशी साडेबारा किलोमीटरच्या खालीच हवा. हे साधे गणित कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगून जाते.

कुत्रा बाजूने धावत असेल तर हा धोका टळतो, पण दुसरा येतो. त्याने बाजूला १०० न्यूटनचा हिसका दिला आणि साखळी जमिनीपासून एक मीटरवर, हँडलला असली, तर सायकल उलथवणारे आघूर्ण १०० न्यूटन-मीटर होते. तीच ओढ चाकाच्या आसाजवळ, ३३ सेंटिमीटर उंचीवर आली तर ते एक तृतीयांश राहते. साखळी हँडलला किंवा मनगटाला का बांधू नये, याचे उत्तर यात आहे. स्प्रिंग असलेला दांडा मागच्या चाकाच्या आसाजवळ बसवतात तो याचसाठी.

मग निवड कशी करायची?

नवख्या माणसाला बाजूने धावणारा कुत्रा आणि खाली बसवलेला स्प्रिंगचा दांडा, ही जोडी सर्वांत बरी. येथे कुत्रा ओढत नाही, धावतो. वेग माणसाच्या हाती राहतो. ज्याला ओढायचीच हौस आहे अशा शिकवलेल्या कुत्र्यासाठी पायाने रेटायची, मोठ्या चाकांची स्कूटर सायकलपेक्षा चांगली. उभे राहायची फळी खाली असते, पाय लगेच जमिनीवर टेकतो आणि पडलेच तर उंची कमी असते. दोन्ही चाकांना चांगले ब्रेक मात्र हवेतच. तीनचाकी किंवा चारचाकी गाडी उलटण्याचा धोका कमी, पण तिला मोकळा, रहदारी नसलेला कच्चा रस्ता लागतो आणि तो शहरात मिळणे कठीण. चाकांचे बूट घालून कुत्र्यामागे घसरत जाणे टाळावे, कारण त्यांना कुत्र्याला आवरण्याइतका ब्रेक नसतो. मोटारसायकल किंवा स्कूटरला कुत्रा बांधणे तर अजिबात नको. तेथे वेग इंजिन ठरवते; कुत्र्याला थकल्याचे सांगण्याची सोयच उरत नाही.

कुत्राही पारखून घ्यावा. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण एक ते दीड वर्षाचा होईपर्यंत, ओढायला लावू नये. पग किंवा बुलडॉगसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यांना हा व्यायाम नाहीच. आपल्या दख्खनचे कारवान आणि मुधोळ कुत्रे शिकारीमागे वेगाने धावण्यासाठी जोपासले गेले. त्यांना मोकळे धावणे मानवते. ओझे ओढण्यासाठी त्यांची शरीरयष्टी नाही.

आणि शेवटी हवा. बैलाला आणि घोड्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांत असतात. तो थंड होतो तो जीभ बाहेर काढून धापा टाकत. थंड हवेतला हा खेळ मराठवाड्यात आणताना हा फरक विसरता येत नाही. १९६५च्या त्याच नियमांत म्हटले आहे की, तापमान ३७ अंश सेल्सियसच्या वर असेल तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात जनावराला गाडीला जुंपू नये. गाडी ओढणाऱ्या जनावरांच्या त्या यादीत बैल, रेडा, घोडा, खेचर, तट्टू, उंट आहेत, कुत्रा नाही. कारण आपल्याकडे कुत्रा ओढणारा मानलाच गेला नव्हता. त्याच्यासाठी नियम आपल्यालाच करावा लागेल आणि तो बैलापेक्षा कडक असावा लागेल. उन्हाळ्यात सूर्योदयाच्या आसपासच बाहेर पडावे. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. वाटेत थांबून पाणी पाजावे.

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगतो. सामान तोलायचा स्प्रिंगकाटा सायकलच्या पुढच्या भागाला अडकवा. एका विद्यार्थ्याला सायकलवर बसवा, दुसऱ्याला काटा धरून सपाट मैदानावर संथ, एकसारख्या वेगाने सायकल ओढू द्या आणि तिसऱ्याला आकडा वाचू द्या. मग टायरमधली थोडी हवा काढून पुन्हा मोजा. नंतर डांबरी रस्त्यावर मोजा. ओढणाऱ्याला आकडा पाहण्याआधीच फरक कळलेला असेल. ओढणारा कुत्रा असेल तेव्हा तो आकडा त्याला सांगता येत नाही. तो मोजण्याचे काम दोरीच्या दुसऱ्या टोकाला असणाऱ्याचे.