व्यापारी गणकयंत्राचें भवितव्य

यंत्र जुनें झालें कीं भंगारांत जावयाचें, असा सर्वसाधारण समज आहे. आय. बी. एम. कंपनीच्या 'ए. एस. ४००' या व्यापारी गणकयंत्राचा इतिहास मात्र वेगळा आहे. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत, रॉचेस्टर येथें तें घडलें आणि १९८८ च्या जूनमध्यें जाहीर झालें. हिशेब, मालसाठा, पगारपत्रकें हीं त्याचीं नित्याचीं कामें.

त्याच्या दीर्घायुष्याचें मर्म रचनेंत आहे. १९७८ च्या 'सिस्टिम ३८'पासूनच आज्ञावली आणि प्रत्यक्ष यंत्र यांच्यामध्यें एक स्थिर पडदा ठेवण्यांत आला होता. त्यामुळें १९९५ मध्यें ४८ बिटांची रचना जाऊन ६४ बिटांचा प्रोसेसर आला, तरी जुन्या आज्ञावल्या बहुधा पुन्हां न लिहितांच चालल्या. पाया बदलला, पण संसार मोडला नाहीं!

२००८ पासून त्याची कार्यप्रणाली 'आय. बी. एम. आय' या नांवानें चालू असून २०२५ मध्यें तिची ७.६ ही आवृत्ति निघाली. तेव्हां खरी उणीव यंत्राची नव्हे, जाणकारांची आहे. 'आर. पी. जी.' भाषेंत लिहिणारी पिढी निवृत्त होत आहे. कोणत्या गिऱ्हाइकास किती सूट, किती मुदत, हे पेढीचे नियम पुष्कळदां त्या आज्ञावल्यांतच असतात. अन्यत्र त्यांची नोंद नसते. जुना मुनीम गेल्यावर चोपड्या राहतात, पण त्यांतील खुणा कोण उलगडणार? म्हणून या यंत्राचें भवितव्य रॉचेस्टरच्या यंत्रज्ञांइतकेंच प्रत्येक कचेरींतील अनुभवी माणसांवर अवलंबून आहे. त्यांनीं आपली विद्या वेळींच तरुणांच्या हातीं सोंपविली पाहिजे.